अमेरिकेत असायलम मिळालेल्या भावाने सोलापूरला यावं का?

प्रश्न थोडक्यात असा. भाऊ अमेरिकेत आहे. लग्नावरून इथल्या काही माणसांकडून जिवाला धोका होता आणि पोलिसांनी तक्रार घेतली नाही, या कारणावर त्याला असायलम (छळाच्या भीतीमुळे दुसऱ्या देशाने दिलेलं संरक्षण) मिळालं. ग्रीन कार्ड मंजूर होऊन दोन वर्षं झाली. भारतीय पासपोर्टची मुदत संपली आहे. वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे, जोडभावी पेठेतल्या घराच्या वाटणीला त्याची सही हवी आहे आणि मे महिन्यात भाचीचं लग्न आहे. ताई विचारतात, ग्रीन कार्ड हातात आहे, मग पासपोर्ट रिन्यू करून महिनाभर येऊन जायला काय हरकत?

ताई, हरकत आहे, आणि ती तिकिटापेक्षा पासपोर्टच्या अर्जापाशीच सुरू होते. शिवाय ही तीन कामं आहेत. एका फेरीत तिन्ही उरकू म्हणाल तर त्यातलं एकच कारण अधिकाऱ्यापुढे टिकणारं आहे आणि उरलेली दोन त्यालाही खाली ओढतील.

आधी मूळ गोष्ट. असायलम देताना अमेरिकेने मान्य केलं की या माणसाला त्याचं स्वतःचं सरकार वाचवू शकत नाही किंवा वाचवायला तयार नाही. १९५१ च्या निर्वासित करारात हे संरक्षण केव्हा संपतं त्याची यादी कलम १ क मध्ये आहे, आणि त्यातलं पहिलंच कारण म्हणजे माणसाने आपखुशीने पुन्हा मायदेशाच्या सरकारचा आसरा घेणं. हे ठरवताना तीन गोष्टी तपासाव्यात असं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची मार्गदर्शिका सांगते: तो स्वतःच्या मर्जीने गेला का, आसरा घेण्याचा त्याचा हेतू होता का, आणि आसरा प्रत्यक्षात मिळाला का. म्हाताऱ्या किंवा आजारी आईवडिलांना भेटायला जाणं आणि सुट्टीसाठी किंवा धंद्यासाठी वारंवार जाणं यांत फरक करावा, असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे. तुमच्या वडिलांची बाजू या एका वाक्यावर उभी राहते. भाचीच्या लग्नाला तसा आधार नाही.

करार जगाचा असला तरी निकाल त्या त्या देशाच्या कायद्याने लागतो. अमेरिकेत टप्पा कोणता यावर सगळं अवलंबून आहे. असायलमचा अर्ज (आय-५८९) अजून प्रलंबित असेल तर ॲडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता देश सोडणं म्हणजे अर्ज सोडून दिला असं गृहीत धरतात. ॲडव्हान्स परोल घेऊनही ज्या देशात छळाची भीती सांगितली तिथेच गेलं, तर अतिशय सबळ कारण दाखवेपर्यंत तोच निष्कर्ष निघतो. वर्क परमिटवर प्रवास होत नाही. अशा मुलांना घरच्यांनी 'चार दिवस येऊन जा' असं चुकूनही म्हणू नये.

असायलम मंजूर आहे पण ग्रीन कार्ड नाही, या टप्प्यावर असायलम रद्द करण्याची कारवाई होऊ शकते. तशी नोटीस मुलाखतीच्या किमान ३० दिवस आधी मिळते. मुख्य अर्जदाराचं असायलम गेलं की त्याच्यामुळे मिळालेलं बायको-मुलांचंही जातं.

तुमचा भाऊ तिसऱ्या टप्प्यावर आहे. ग्रीन कार्ड घेतलं की 'असायली' (असायलम मिळालेला माणूस) हा दर्जा संपतो, असं तिथल्या बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने २०१७ मध्ये ठरवलं. त्यामुळे केवळ भारतात गेला म्हणून असायलम रद्द, असा सरळ धोका त्याला पूर्वीइतका नाही. अनेकांना एवढंच ऐकायला आवडतं. पण त्याच निर्णयाची दुसरी बाजू अशी की असायलीला हद्दपारीपासून जे कवच असतं तेही ग्रीन कार्ड मिळताच गळून पडतं. आणि मूळ अर्ज खरा होता का, हा प्रश्न कधीच बंद होत नाही. तो दोन ठिकाणी हमखास वर येतो: परत जाताना विमानतळावर, आणि पुढे नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जाच्या मुलाखतीत, जिथे गेल्या पाच वर्षांतली परदेशातली प्रत्येक फेरी लिहावी लागते आणि जुनी संपूर्ण फाईल अधिकाऱ्यासमोर असते. 'जिवाला धोका आहे' असं शपथेवर लिहिलेला माणूस त्याच पेठेत, त्याच घरात महिनाभर राहून लग्नात वाढप करून आला, तर अधिकाऱ्याला कायद्याचा कीस काढायची गरजच पडत नाही. तो एवढंच विचारतो, तेव्हा खोटं बोललात की आता?

त्याला त्याचं ग्रीन कार्ड नीट बघायला सांगा. पुढच्या बाजूला 'कॅटेगरी' असा रकाना असतो. असायलमवरून मुख्य अर्जदाराला मिळालेल्या कार्डावर तिथे एएस६ छापलेलं असतं, बायकोच्या कार्डावर एएस७, मुलांच्या एएस८. म्हणजे मुंबईहून उतरलेल्या माणसाचं कार्ड आणि त्याने सांगितलेला प्रवास शेजारी ठेवले की प्रश्न आपोआप तयार होतो. 'कोणाला कळणार आहे' हा भ्रम इथेच संपावा.

आता पासपोर्ट. अमेरिकेच्या नियमांनुसार असायलमची माहिती अर्जदाराच्या देशाला कळवायला बंदी आहे. पण भाऊ स्वतः पासपोर्ट रिन्यू करायला बसला की तिथल्या वास्तव्याचा पुरावा म्हणून तेच एएस६ चं कार्ड भारतीय वकिलातीपुढे ठेवणार. सरकारने झाकून ठेवलेली गोष्ट माणूस स्वतःच्या हाताने उघडी करतो. मार्गदर्शिकेप्रमाणे मायदेशाचा पासपोर्ट मागून घेणं म्हणजे आसरा घेतला असं प्रथमदर्शनी मानलं जातं. ते खोडता येतं, पण खोडण्याचं ओझं माणसावर येतं.

यातला एक भाग लोकांच्या लक्षातच येत नाही. परदेशातून केलेल्या अर्जावर पोलिस पडताळणी लागली तर ती भारतातल्या पत्त्यावर होते. म्हणजे तुमच्या भागातल्या पोलिस ठाण्यातून माणूस घरी येणार, शेजाऱ्यांना विचारणार, घरच्यांच्या सह्या घेणार. ज्या पोलिसांनी तक्रार घेतली नाही असं अर्जात लिहिलं, त्यांच्याकडूनच 'हरकत नाही' असा अहवाल घ्यायचा, हे कागदावर विसंगत दिसतं. कागद बाजूला ठेवला तरी, भाऊ येतोय ही बातमी पेठेत पसरायला यापेक्षा सोपा मार्ग नाही. धोका खरा असेल तर माझ्या दृष्टीने हे कायद्याच्या मुद्द्यापेक्षा मोठं आहे.

मग पासपोर्टशिवाय येता येईल का? प्रत्यक्षात फार अवघड. त्याच्याकडे अमेरिकेचं रेफ्युजी ट्रॅव्हल डॉक्युमेंट (निर्वासितांना पासपोर्टऐवजी मिळणारं प्रवासपत्र) असलं तरी भारताचा ई-व्हिसा तशा प्रवासपत्रावर मिळत नाही, त्याला पासपोर्टच लागतो. आणि भारताच्या लेखी तो अजून भारतीय नागरिकच आहे. वकिलातीतून इमर्जन्सी सर्टिफिकेट घेऊन येण्याचा सल्ला काही एजंट देतात. तो मानू नका. ते फक्त भारतात येण्यासाठी, एका दिशेचं असतं. परत जायला नवा पासपोर्ट हवा, म्हणजे सोलापूरच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज, तिथून पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाकडे फाईल, पुन्हा पोलिस पडताळणी. मध्येच काही अडकलं तर भाऊ इथे आणि त्याची नोकरी, बायको-मुलं तिकडे. एक वर्षाहून जास्त बाहेर राहिला तर परत येण्यासाठी नुसतं ग्रीन कार्ड चालत नाही.

नेपाळमार्गे गुपचूप यायचं, शिक्का लागत नाही, असंही सुचवलं जातं. तसं आलेल्या माणसाला पुढे एन-४०० मध्ये एकतर ती फेरी लिहावी लागते किंवा शपथेवर खोटं बोलावं लागतं. फेरीचं कारण पटवून देता येतं, खोटं सापडलं की नागरिकत्व मिळाल्यावरही ते काढून घेता येतं.

आता तुमची तीन कामं.

घराच्या वाटणीसाठी त्याने येण्याची मुळीच गरज नाही. मुखत्यारपत्र करा, आणि ते भारतीय वकिलातीत न जाता करा. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३३ नुसार परदेशात राहणाऱ्याने नोटरी पब्लिकसमोर सही करून साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र चालतं, वकिलातीचा अधिकारी हा फक्त एक पर्याय आहे. क्रम असा ठेवा. मसुदा सोलापुरातल्या वकिलाकडून करून घ्या, कारण सिटी सर्व्हे नंबर, चतुःसीमा आणि वारसांची नावं मिळकतपत्रिकेप्रमाणे अचूक यायला हवीत. 'माझे सर्व व्यवहार' असं मोघम लिहू नका. वाटणीपत्रावर किंवा हक्कसोडपत्रावर सही करणं, दुय्यम निबंधकांपुढे हजर राहून कबुली देणं, पत्रिकेवर नाव लावून घेणं, ही कामं नावानिशी लिहा. भावाचा फोटो, प्रत्येक पानावर सही, डाव्या अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदार. तिथल्या नोटरीपुढे सही झाली की ज्या राज्यात नोटरी आहे त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडून त्यावर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेलं प्रमाणपत्र) घ्यायचं. भारत आणि अमेरिका दोघेही अपोस्टील करारात असल्याने वकिलातीचा शिक्का लागत नाही.

मूळ कागद कुरिअरने इथे आला की घड्याळ सुरू होतं. परदेशात केलेल्या दस्तावर तो राज्यात पहिल्यांदा पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. म्हणून कुरिअरचं पाकीट आणि पोचपावती टाकून देऊ नका, पोचल्याच्या तारखेचा पुरावा तोच. मुखत्यार म्हणून आई, वडील, बहीण, भाऊ असा जवळचा नातेवाईक घ्या आणि मोबदला दाखवू नका, म्हणजे शुल्क नाममात्र लागतं. एजंटाला किंवा गिऱ्हाईकालाच विक्रीचं मुखत्यारपत्र दिलं तर विक्रीखताइतकं शुल्क मागितलं जातं. हमखास चुका दोन: अपोस्टील करायचं राहून जातं, किंवा नाव एका कागदावर वडिलांच्या नावासह आणि दुसरीकडे नुसतं आडनाव असतं आणि दुय्यम निबंधक दस्त परत करतात. ग्रीन कार्डावरचं नाव आणि मिळकतपत्रिकेवरचं नाव वेगळं असेल तर 'उर्फ' लिहून दोन्ही द्या. हा दोन खाजगी माणसांमधला व्यवहार आहे, त्यात भारत सरकारकडे आसरा मागितल्याचं काही येत नाही.

लग्नाला त्याने येऊ नये. आईचं मन मोडेल, हे मान्य आहे. पण लग्न म्हणजे शेकडो माणसं, फोटो, व्हिडिओ आणि प्रत्येकाच्या फोनवरून फेसबुकवर जाणारी त्याची नावासकट ओळख. ज्यांच्यापासून तो पळाला ती माणसंही मांडवापासून फार लांब राहत नसणार. आईचा पासपोर्ट असेल आणि तब्येत साथ देत असेल तर दोघांनी तिसऱ्या देशात भेटणं हा चांगला मार्ग आहे. त्यासाठी भावाने अमेरिका सोडण्यापूर्वी आय-१३१ अर्जाने रेफ्युजी ट्रॅव्हल डॉक्युमेंट घ्यावं. ग्रीन कार्ड असायलमवरून मिळालेल्यालाही ते मिळतं. त्याची मुदत एकच वर्ष असते आणि ते वाढवून मिळत नाही, दरवेळी नवा अर्ज. बोटांचे ठसे अमेरिकेतच द्यावे लागतात, तोवर बाहेर पडू नये. हातात यायला महिने लागू शकतात, म्हणून अडचण येण्याची वाट न बघता अर्ज आत्ताच टाकून ठेवावा. ज्या देशात भेटायचं तिथला व्हिसा अशा प्रवासपत्रावर मिळतो का, हे त्या देशाच्या दूतावासाकडून ईमेलवर लेखी घ्या. ट्रॅव्हल एजंटाचं तोंडी 'होऊन जाईल' विमान कंपनीच्या काउंटरवर चालत नाही.

आईने अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी मुंबईला अर्ज करायचं ठरवलं तर अर्जात तिथल्या जवळच्या नातेवाइकांची माहिती आणि त्यांचा दर्जा विचारतात. मुलाचं नाव लपवू नका.

राहिले वडील. डायलिसिसवरच्या माणसाने परदेशात जाऊन भेटणं फार अवघड, त्यामुळे हा एकच प्रश्न खरोखर कठीण आहे. माझं मत असं: तब्येत स्थिर असेल तर नागरिकत्वाची वाट बघावी. असायलमवरून मिळालेल्या ग्रीन कार्डाची तारीख मंजुरीच्या एक वर्ष मागची धरतात. कार्डावर 'रेसिडेंट सिन्स' पुढे जी तारीख आहे तिथून पाच वर्षं मोजायची, आणि अर्ज पाच वर्षं पुरी होण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. मंजुरीला दोन वर्षं झाली म्हणजे हिशोबात तीन झाली, पावणेदोन वर्षांनी अर्ज करता येईल. तोवर कुठल्याही देशाची सलग सहा महिन्यांहून मोठी फेरी नको, नाहीतर सलग वास्तव्य मोडलं असं धरण्याची शक्यता असते. नागरिक झाल्यावर भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. मग जुना, मुदत संपलेला भारतीय पासपोर्ट जमा करून प्रमाणपत्र घ्यायचं आणि अमेरिकन पासपोर्टवर व्हिसा घेऊन यायचं. म्हणून तो जुना पासपोर्ट आज निकामी वाटला तरी जपून ठेवायला सांगा. नागरिक झाल्यावर आईवडिलांसाठी इमिग्रेशनचा अर्जही त्याला करता येतो, ग्रीन कार्डवाल्याला तो करता येत नाही.

डॉक्टरांनी हात टेकले आणि थांबणं शक्यच नसेल, तर त्याने आधी तिथल्या असायलमच्या वकिलाला फाईल दाखवून लेखी मत घ्यावं. मग फेरी अशी आखावी की तिचं कारण कागदावरून दिसेल. नेफ्रॉलॉजिस्टचं (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचं) पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकासह. त्यात निदान, डायलिसिस कधीपासून, आठवड्यातून कितीदा, आत्ता काय बिघडलं आणि धोका किती, हे हवं. 'कुटुंबीयांनी उपस्थित राहावे' एवढ्या एका ओळीच्या पत्राला वजन नसतं. पत्राची तारीख तिकिटाच्या आधीची हवी. ही गोष्ट साधी आहे, पण तिकीट काढून झाल्यावर मागवलेलं पत्र म्हणजे नंतर शोधलेलं कारण वाटतं. मराठी कागद असतील तर पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि खाली भाषांतरकाराचं सहीचं निवेदन की आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे.

मुक्काम सात-दहा दिवसांचा, दवाखान्याजवळ. पेठेतल्या घरी नाही, पाहुणे बोलावणं नाही, फोटो नाहीत. कोणती खबरदारी घेतली ते रोजच्या रोज लिहून ठेवावं. वडिलांना घरी सोडल्यावर आणखी तीन आठवडे राहिला तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. एक नाजूक मुद्दा आहे. सोलापूर टाळून पुण्यात राहणं खबरदारी म्हणून चांगलं दिसतं, पण तिथे महिनाभर मोकळेपणाने राहिला तर 'मग भारतात दुसऱ्या शहरात सुरक्षित राहता येत होतं की' हा प्रश्न तयार होतो. म्हणून दिवस कमी ठेवणं महत्त्वाचं.

परतताना बाजूला घेऊन चौकशी होऊ शकते. कुठे गेला, का, कोणाकडे राहिला, ज्यांची भीती होती ते आता कुठे आहेत? खरी, छोटी उत्तरं द्यावीत आणि कागद हातातल्या बॅगेत असावेत. आय-४०७ नावाचा कागद पुढे आला तर तो न वाचता सही करू नये. तो ग्रीन कार्ड आपखुशीने सोडल्याचा असतो. सही नाकारून इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागण्याचा त्याला हक्क आहे.

हे वाचून कॅनडातल्या कुणी 'आमचंही असंच' असं समजू नये. तिथे गोष्ट जास्त कडक आहे. डिसेंबर २०१२ च्या बदलानंतर मायदेशाचा आसरा पुन्हा घेतला असं ठरलं तर निर्वासित दर्जाबरोबर कायम रहिवासही जातो, आणि त्याविरुद्ध निर्वासितांचं अपील मंडळ नाही, फक्त फेडरल कोर्टाची परवानगी मागून दाद. गालिंदो कमायो प्रकरणात २०२२ मध्ये फेडरल अपील कोर्टाने काय तपासायचं ते मांडलं: फेऱ्या किती आणि किती दिवसांच्या, हेतू काय, खबरदारी घेतली का, छळ करणारं सरकार होतं की खाजगी माणसं, आणि दर्जा जाऊ शकतो हे त्या माणसाला खरोखर माहीत होतं का. तुमच्या भावासारखी भीती खाजगी माणसांची असेल तर हा मुद्दा तिथे उपयोगी पडतो. तरीही कॅनडात नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत भारतात येऊ नये, हेच मी सांगेन. ब्रिटनचं निर्वासित प्रवासपत्र मायदेशासाठी चालतच नाही. जर्मनीत २०२४ च्या बदलानंतर मायदेशी जाणं हेच दर्जाची गरज उरली नसल्याचं लक्षण धरतात, टाळता न येणारं कारण असेल तेवढं सोडून, आणि जाण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं.

ताई, या आठवड्यात भावाकडून चार गोष्टी मागवा: ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, असायलम मंजुरीचं पत्र, मूळ अर्जाबरोबरच्या प्रतिज्ञापत्राची प्रत आणि जुन्या पासपोर्टची पहिली-शेवटची पानं. प्रतिज्ञापत्र त्याने स्वतः पुन्हा वाचावं, कारण त्यात कोणाची नावं आहेत आणि पोलिसांबद्दल काय लिहिलंय, यावर पुढचं सगळं ठरतं. ते व्हॉट्सॲपच्या घरच्या ग्रुपवर फिरवू नका. आणि मुखत्यारपत्रासाठी जोडभावी पेठेच्या घराची ताजी मिळकतपत्रिका काढायला सांगा, मसुदा त्यावरूनच सुरू होईल.